सुईआत्याचा पुतळा

बाबांच्या पिढीतली शेवटची उरली ती सुईआत्या. अंगाने बारीक आणि बोलायला टोचणारी, म्हणून आम्ही पोरांनी पाडलेलं हे नाव. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. जन्मभर तिने पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवले. गिऱ्हाइकांना टेप लावायची, घरच्यांना कधीच नाही. आमच्या पाठीवरून तळवा फिरवला की तिचं माप घेऊन झालं.

त्या खोलीत शिवणकामाचा एक पुतळा होता. डोकं नाही, हात नाहीत, लोखंडी दांड्यावर नुसतं कापडी धड. एकामागून एक मोठे काका, थोरली आत्या आणि शेवटी माझे बाबा गेले, तेव्हा सुईआत्याने शिवणं बंद केलं. आता ही अंथरूण धरणार, असं मला वाटलं. आणि एका दुपारी तिच्याकडे गेले, तर दारातच माझे पाय खिळले. खिडकीपाशी मोठे काका उभे होते. तेच सुटलेलं पोट, तोच एका बाजूला कललेला खांदा.

पुतळ्यावर कापूस आणि चिंध्या बांधून, वर धुवट कापड ताणून तिने त्यांचं अंग उभं केलं होतं. डोकं नाही तेच बरं, नाहीतर त्यांनी आल्याआल्या चुका काढल्या असत्या, असं वर मलाच म्हणाली.

मी भडकले. हे काय भलतंच खूळ, कुणी बघितलं तर काय म्हणेल, वगैरे बरंच तोंड सोडलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चेहरे पुसट व्हायला लागलेत गं," ती म्हणाली. "हाताला मात्र सगळे आठवतात. मी गेले की यांना हाताने ओळखणारं कुणी उरणार नाही."

मग तिची शिकवणी सुरू झाली. दर भेटीला पुतळ्यावर वेगळं माणूस. मी डोळे मिटायचे, ती माझा हात धरून पाठीवर ठेवायची आणि विचारायची, हे कोण? थोरल्या आत्याला मी काका म्हटलं, तेव्हा बोटांवर चापट बसली. पण एकदा मानेखालचा तो उंचवटा हाताला लागला. लहानपणी बाबांच्या पाठुंगळी बसले की माझी हनुवटी तिथेच टेकायची. मी ढसाढसा रडले. आत्या समाधानाने चहा टाकायला गेली.

ती फार थकली होती तेव्हाची गोष्ट. बसल्या जागेवरूनच तिने मला डोळे मिटायला सांगितलं. मी हात ठेवला. अरुंद, बाक आलेली पाठ, डावा खांदा उतरलेला. बाबा नव्हते, काका नव्हते, थोरली आत्याही नव्हती. पुन्हा पुन्हा चाचपलं आणि अंगावर काटा आला. आमच्या घरातलं हे चौथं कोण?

"नाही ओळखत," मी म्हणाले.

आत्याने एकदा पुतळ्याकडे बघितलं.

"तू आहेस," मग म्हणाली. "म्हातारपणची. मला काही बघायला मिळणार नाही, म्हणून करून बघितली."

मी झटकन हात काढून घेतला. ती माझ्याकडे मायेने बघत होती. तशीच बघत राहिली.

त्यानंतर ती फार दिवस काढू शकली नाही. खोलीची आवराआवर माझ्याकडे आली. पुतळा टाकवेना आणि आपलंच म्हातारपण समोर उभं बघवेना. झाकायला म्हणून तिचा खुंटीवरचा घरचा गाऊन मी त्यावर चढवला. तो तिने स्वतःच्याच अंगासाठी शिवलेला, टाचण्या खोचून खोचून गळ्याशी विरलेला. कुठे ओढावा लागला नाही, कुठे ढिला पडला नाही. डावी शिवण अचूक त्या उतरत्या खांद्यावर बसली.

आमच्या सगळ्यांच्या पाठीवरून तिचा हात फिरला होता. तिच्या पाठीवरून कुणाचाच नाही, माझाही नाही. त्या दिवशी तिने मला उभं केलं होतं की स्वतःला, हे विचारायला आता कुणी नाही.

मी डोळे मिटले, गाऊनवर हात ठेवला, आणि या वेळी लगेच ओळखलं.