आपला शब्द घालायचा नाही

उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी लान्स नाईक होतो. सिग्नलचा कोर्स झालेला, म्हणून मला वायरलेसच्या रिले सेटवर बसवलं. दोन पार्ट्यांच्या मध्ये डोंगर आला की त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. वर बंकरात बसलेल्या रिलेवाल्याला दोघांचाही ऐकू येतो. त्याने याचं त्याला सांगायचं. निरोप जसाच्या तसा द्यायचा, आपला शब्द घालायचा नाही, हा नियम.

मला हे काम अजिबात आवडत नव्हतं. सोलापूरहून फौजेत आलो तो रायफल घेऊन पेट्रोलवर जायला, पोपटासारखं दुसऱ्याचं बोलायला नव्हे. रोज प्रार्थनेत मागायचो, प्रभू, मला पुढच्या माणसांत घे. कंपनी कमांडरसाहेबांनाही विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, "सेटवर तू हवास." मला वाटलं, नुसती समजूत काढतायत.

नाईक बिरूला माझ्या रागाची गंमत वाटायची. तो मंगळवेढ्याकडचा, धनगराघरचा. पेट्रोल कुठलंही असो, हा त्यात असणारच. त्याच्या आईने घरच्या मेंढ्यांची लोकर कातून घोंगडं विणून घेतलं होतं. फौजेच्या जाड स्लीपिंग बॅगवरही तो ते पांघरायचा.

त्या सकाळी निघताना तो बंकरात आला आणि घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं.

"याकोबा, आमी चालून तापतो. तू बसून गारठतोस. असू दे."

"मग तू बस इथं. मी जातो."

"तुझ्या देवानं तुला हितं बसवलंय की. तोंड कशाला पाडतोस?"

हसत हसत गेला.

दुपारी हिमकडा कोसळला. बिरूच्या पार्टीत चौघे होते. तो शेवटी चालत होता आणि त्यांचा सेट त्याच्याकडे होता. मागून सुभेदारसाहेबांची पार्टी येत होती, अगदी पुढच्या वळणापर्यंत आली होती. पण मध्ये डोंगराचा कडा होता. त्यांना बिरूचा आवाज जात नव्हता. मला येत होता.

"रिले, बिरू बोलतोय. तिघं गाडलं गेलेत, काळ्या खडकाच्या वरच्या अंगाला. मी खाली नाल्यात हाय, पाय अडकलाय. ओव्हर."

"सुभेदारसाहेब पोचतायत. तुझी जागा नीट सांग. ओव्हर."

"माजं ऱ्हाऊ दे. आदी खडकापाशी खना म्हनावं, त्यास्नी श्वास घ्याया हवा न्हाय. नाल्यात आत्ता कुनी उतरू नगा, वर बर्फ लोंबतंय. जसंच्या तसं सांग. ओव्हर."

मी बटणावर बोट ठेवलं. बिरू जिवंत आहे, बोलतोय, त्याला आधी काढा, एवढं म्हटलं असतं तरी सुभेदारसाहेब नाल्याकडे वळले असते. ते माझंच ऐकत होते. आणि बिरू माझा दोस्त होता. मी बटण दाबलं आणि निरोप दिला, बिरूने सांगितला तसा.

"रोजर. खडकाकडे जातोय," साहेब म्हणाले.

"दिलास?" बिरूने विचारलं.

"दिला."

"आता आयसाठी एक घे. घोंगडं अंगावर हाय म्हनावं. थंडी वाजत न्हाय. ओव्हर."

घोंगडं माझ्या खांद्यावर होतं. मी म्हणालो, "रोजर."

तिघेही जिवंत निघाले. पार्टी नाल्याकडे वळत होती, तेवढ्यात वरचा दुसरा हिमकडा नाल्यात कोसळला. मी बिरूला हाका मारत राहिलो. सेटवर नुसती खरखर होती. त्याला बाहेर काढलं तेव्हा उजेड जात आला होता.

त्यानंतर बरेच दिवस मी प्रार्थना केली नाही. देवाशी बोलायला काही उरलं नव्हतं. मग त्या तिघांपैकी एक जण सुट्टीवरून परत आला. मुलगी झाली म्हणून पेढे घेऊन बंकरात आला, माझ्या सेटशेजारी बसला. त्याच्याकडे बघताना मला कळलं की जी जागा मी हलकी समजत होतो, तिथूनच दिलेल्या निरोपाने या माणसाचा जीव वाचला होता. प्रभूने माझ्याकडून फार काही मागितलंच नव्हतं. मध्ये येऊ नकोस, एवढंच मागितलं होतं. त्या दिवशी मी गुडघे टेकले, पण पुढे ने असं काही मागितलं नाही. रिटायर होईपर्यंत सेटवरच राहिलो आणि आनंदाने राहिलो.

आता जुळे सोलापुरात राहतो. रविवारी स्कूटरवरून चर्चला जातो आणि बायबलमधला शास्त्रपाठ सगळ्यांना वाचून दाखवतो. पाळकसाहेब दर वर्षी मागे लागतात, "हवालदारसाहेब, सुगीच्या सणाला उपदेश तुम्हीच करा. लोकांना तुमचं ऐकायचंय."

"सलाम, पाळकसाहेब," मी म्हणतो. "पाठ वाचतो की."

त्यांना वाटतं मी लाजतो. तसं नाही. पाठ वाचून पुस्तक मिटताना मला जो आनंद होतो, तो घरी जाईपर्यंत पुरतो.

सुगीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात. बिरूची आई मंगळवेढ्याहून एसटीने येते, मालदांडी ज्वारीची पिशवी घेऊन. "लेकाच्या दोस्ताचा देव हाय, त्येला बी पोचलं पायजे," म्हणते. उपासना होईपर्यंत शेवटच्या बाकावर बसते. मग बाहेर पायरीवर ते घोंगडं अंथरते. बिरूच्या सामानाबरोबर मीच ते तिच्या हातात दिलं होतं. त्या दिवशी ते माझ्या खांद्यावर होतं, हेही तेव्हाच सांगितलं होतं.

"बस. त्यो काय बोल्ला, सांग की."

मी सांगतो. "घोंगडं अंगावर हाय म्हनावं. थंडी वाजत न्हाय."

ती खालच्या लोकरीवरून हात फिरवते.

"लबाड," म्हणते. "आयला थंडी वाजंल म्हनून बोल्ला."

मग म्हणते, "पुन्यांदा सांग." मी पुन्हा सांगतो, जसंच्या तसं.