महेबूबभाईंनी मारलेला टाका

विंचूरला कांदा मार्केटच्या रस्त्यावर महेबूबभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. कांदाचाळीचे दरवाजे, खिडकीच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके, काहीही करून देतात. पण माल गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते स्वतः त्याच्यावर चढून बघतात. साठीला आलेला, सत्तर किलोचा माणूस जाळीला लोंबकळतो आणि गिऱ्हाईक आ वासून बघत राहतं. नट-बोल्टवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तरुणपणी त्यांनी कांदा तोलायच्या काट्याची तिपाई बोल्टवर जोडून दिली होती. बोल्ट सुटला, तिपाई कोसळली आणि धोंडीराम हमालाच्या पायाची दोन बोटं गेली. धोंडीराम आता तो किस्सा हसत सांगतो. महेबूबभाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही. तेव्हापासून त्यांच्याकडे जोड म्हणजे वेल्डिंग, दुसरी भाषा नाही.

अशा माणसाकडे त्यांच्या मुलीने, रेहानाने, खालीवर होणारा, मिटणारा स्टँड मागितला.

रेहाना एका संस्थेत शिकवते. द्राक्षबागांत कामाला आलेल्या मजुरांच्या चार वस्त्यांवर ती एसटीने जाते आणि तिथल्या पोरांना प्रोजेक्टरवर धडे दाखवते. प्रोजेक्टर ठेवायची सोय म्हणजे उपडे घातलेले द्राक्षाचे क्रेट. गेल्या महिन्यात क्रेट डुगडुगला आणि प्रोजेक्टर खाली आला. नशीब, नुसता कोपरा फुटला. नाशिकच्या ऑफिसातून निरोप आला: गुरुवारी या, मशीन सुरक्षित कशी ठेवणार ते दाखवा, नाहीतर ती जमा करा.

"जमा केली तर वस्तीवरचा वर्ग बंदच, अब्बा," रेहाना म्हणाली. "मी पोचायच्या आधी तासभर पोरं येऊन बसलेली असतात."

झालं. जेवताना महेबूबभाई ताटात बोटाने स्टँडचे पाय काढू लागले, तीन बरे की चार. पहिला स्टँड त्यांनी जाड लोखंडी अँगलचा केला, वर उभे राहिले आणि खूश झाले. रेहानाने तो उचलला, दारापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"अब्बा, ह्याच्यावर माणूस नाही चढायचा. अडीच किलोची मशीन चढायचीय. अन् मला हे घेऊन एसटीत चढायचंय."

दुसरा मग पातळ नळ्यांचा झाला. छत्रीसारखे मिटणारे तीन पाय, एका नळीत दुसरी नळी, वर मशीन ठेवायच्या पाटीला दाराची बिजागरी, म्हणजे पाटी पुढेमागे कलते. हव्या त्या उंचीवर नळी आवळायला हाताने पिळायचा एक बोल्ट. सगळा मिळून चार किलो. रेहाना हरखली. महेबूबभाईंना तो बोल्टच दिसत होता. त्यांनी पाटीवर विटा ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या. नळी तसूभर सरकली नाही, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना.

गुरुवारी सकाळी रेहाना आवरत होती. महेबूबभाई म्हणाले, "मी पॅक करतो," आणि दुकानात जाऊन त्यांनी नळी कमरेएवढ्या उंचीवर धरून मागच्या बाजूने, दोन नळ्यांच्या जोडावर, एक टाका मारला. बारीक वेल्डिंगचा, एवढासा. वरून चंदेरी रंग. पोरीला याहून वेगळी उंची कशाला लागतेय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. स्टँड पिशवीत घातला आणि पोरीबरोबर एसटीत बसून नाशिकपर्यंत मांडीवर धरून नेला. रेहानाला हात लावू दिला नाही.

ऑफिसातल्या मॅडम बोलायला चांगल्या होत्या. प्रोजेक्टर स्टँडवर ठेवला, भिंतीवर चित्र आलं, मॅडमनी मान डोलावली. महेबूबभाईंनी श्वास सोडला.

"पण पोरं जमिनीवर बसतात ना? पडदाही खाली बांधता," मॅडम म्हणाल्या. "स्टँड तेवढा खाली करून दाखवा."

रेहानाने प्रोजेक्टर उतरवला, बोल्ट सैल केला, नळी दाबली. नळी हलेना. दोन्ही हातांनी दाबली, तरी हलेना. तिचे कान लाल झाले. "काल होत होतं, मॅडम," ती म्हणाली आणि मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. महेबूबभाईंना कळून चुकलं, गप्प बसलं तर मशीन इथेच राहणार होती आणि दोष पोरीच्या माथी येणार होता.

"तिची चूक नाय, मॅडम," ते उठून म्हणाले. "मी टाका मारला. सकाळी. तिला माहीत नाय."

रेहानाने नळीवरून बोट फिरवलं, चंदेरी रंगाखालचा टाका बोटाला लागला. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"का हो?" मॅडमनी विचारलं.

"भ्या वाटलं."

शिपायाने कुठूनतरी लोखंड कापायचं ब्लेड आणून दिलं. महेबूबभाई स्वच्छ फरशीवर मांडी घालून स्वतःचाच टाका कापायला बसले. करकर आवाज सगळ्या ऑफिसात घुमला. माणसं दारातून डोकावून गेली. घाम डोळ्यांत गेला तरी त्यांनी मान वर केली नाही. टाका तुटला, नळी सर्रकन खाली आली. रेहानाने गुडघ्याएवढ्या उंचीवर बोल्ट पिळला, प्रोजेक्टर ठेवला. चित्र खाली, बरोबर जागेवर आलं.

महेबूबभाईंनी दोन्ही तळवे पाटीखाली धरले होते.

"अब्बा, हात काढा."

"थांब बेटा, जरा बघू दे."

"अब्बा. मी आवळलाय तो."

त्यांनी एक हात काढला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. मॅडमनी पाटीवर चार बोटं ठेवून दाबून बघितलं, स्टँडला पायाने हलकेच ढोसलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मशीन तुमच्याकडेच राहू द्या."

हे रेहानाने ऐकलं. महेबूबभाईंना ऐकू आलं नाही. ते आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून बोल्टकडे बघत उभे होते.