कायदेशीर तळघर

१९९० च्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी, रियाधमधल्या आमच्या भाड्याच्या घरात, अठ्ठावीस हजार रियालांचा व्यवहार तोंडी ठरला. हजर तिघे होतो: मी, वरच्या मजल्यावर राहणारा सौदी घरमालक आणि रत्नागिरीकडचा एक कापडदुकानदार. मी एका कंपनीत हिशेब बघायचो. बारा वर्षं तिथे काढूनही माझं अरबी भाजीवाल्याच्या पलीकडे गेलं नव्हतं. दुकानदाराचं मात्र सफाईदार होतं, म्हणून दुभाष्या तोच. होणारा भाडेकरूही तोच.

घराखाली तळघर होतं, मालकाच्या मोडक्या सोफ्यांनी भरलेलं. ते मी माझ्या खर्चाने राहण्याजोगं करायचं, तीन वर्षं भाडं मी घ्यायचं, मग जागा मालकाची. महिना हजार धरले तर छत्तीस हजार येणार होते. मालकाने खजूर पुढे केला, माझा हात हातात घेतला आणि कागद करू म्हटल्यावर छातीवर हात ठेवला. कागद झाला नाही.

दुकानदाराला ती जागा बायको आणि दोन मुलांसाठी हवी होती. सात वर्षं तो दुकानामागच्या खोलीत चौघांबरोबर झोपत होता. फॅमिली व्हिसासाठी राहत्या घराचा करार दाखवावा लागे आणि तो तपासला गेला तर खरा निघावा लागे. म्हणून मी ठरवलं की जे करायचं ते बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, परवानगीनेच.

शुक्रवारी जेवायला जमणाऱ्या मराठी मंडळींनी मला वेड्यात काढलं. "अहो, मध्ये प्लायवूड ठोका आणि दोन बॅचलर ठेवा. बलदियाला कोण सांगायला जातंय?" एक जण म्हणाला, "हिशेबनीस आहेत ते. पाण्याचीसुद्धा पावती घेतात." सगळे हसले. माझ्या मते मी बरोबर होतो.

परवाना, तिथल्या भाषेत रुखसा, अर्थातच मालकाच्या नावावर निघाला. परदेशी माणसाच्या नावावर निघणारच नव्हता. बलदियाच्या इंजिनिअरने रस्त्यावर उघडणारं वेगळं दार मागितलं, बाहेरची हवा येईल अशी खिडकी मागितली, विजेचं स्वतंत्र मीटर मागितलं. रस्त्यातली गटाराची नळी तळघरातल्या न्हाणीपेक्षा वर होती, म्हणून सांडपाणी वर चढवणारा पंपही मागितला. खिडकीसाठी भिंतीबाहेर माणूसभर खोल खड्डा खणून तो बांधून काढावा लागला. एकूण खर्च अठ्ठावीस हजार सहाशे. इंजिनिअर शेवटचा येऊन गेला तेव्हा त्याने खिडकी दोनदा उघडून बंद केली आणि शिक्का मारला. मला फार बरं वाटलं होतं.

तोवर इराकच्या हाती कुवेत पडलं होतं. आमच्या ओळखीतले लोक बायकापोरांना गावी पाठवत होते आणि हा गृहस्थ आपली माणसं आणत होता. मी त्याला थांबायला सांगितलं. "भाऊ, सात वर्षांनी व्हिसा हातात आलाय. परत केला तर पुन्हा कोण देणार?" ऑक्टोबरपासूनचं सहा महिन्यांचं भाडं त्याने आगाऊ दिलं आणि ती तिघं आली. मुलं दिवसभर त्या जिन्यावर चढउतार करायची. माझ्या बायकोने तळघराच्या दारात तुळस ठेवावी की नको असा दोन दिवस विचार केला आणि शेवटी पुदिन्याची कुंडी ठेवली.

जानेवारीत युद्ध सुरू झालं आणि रियाधवर क्षेपणास्त्रं यायला लागली. त्यानंतर दोनच दिवसांनी, दुपारच्या नमाजानंतर मालक खाली आला. मी आणि दुकानदार दारातच होतो. मालक माझ्याकडे बघून बोलला, नेहमीसारखा, हळू आवाजात. दुकानदार ऐकत राहिला. मी म्हटलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, दम्मामहून त्यांच्या तीन मुली पोरांना घेऊन येतायत. त्यांना तळघर पाहिजे. खालच्या लोकांनी उद्या दुपारपर्यंत जागा सोडावी."

"खालचे लोक म्हणजे तुम्ही."

"होय. मीच."

स्वतःला घराबाहेर काढल्याचा निरोप त्या माणसाने एक शब्द न गाळता मला मराठीत सांगितला. मी म्हटलं, त्यांना सांगा, मार्चअखेरपर्यंतचं भाडं घेतलंय. सांगा, तीन वर्षं ठरली होती. सांगा, हात दिला होता. त्याने सगळं सांगितलं. मालकाने उत्तर दिलं ते मलाही कळलं: "रुखसा माझ्या नावावर आहे." आणि मग, "खलास."

दुसऱ्या दिवशी त्यांचं सामान आमच्या घरात आलं. एका खोलीच्या खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली होती. भोंगा वाजला की सातजण तिथे बसायचो: आम्ही दोघं, आमची मुलगी आणि ती चौघं. मुलीने मला विचारलं, "बाबा, व्हाय आर वी अप हिअर? दॅट बेसमेंट इज अवर्स, ना?"

विषारी वायूच्या भीतीने मालकाने तळघराची खिडकी विटांनी बुजवून टाकली, बाहेरचा खड्डाही भरला. ज्या खिडकीसाठी मी बलदियाच्या पायऱ्या झिजवल्या, ती एका सकाळी गेली. वायू खालीच साचतो, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही. बायको गच्चीवरून बघत होती. "अहो, आता विचारा त्या बलदियावाल्यांना, कायद्याची खिडकी कुठे गेली?"

आमच्या कंपनीत सरकारी कामं बघणारा एक सौदी कारकून होता. त्याच्याकडे मी तक्रारीचं विचारायला गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "परवाना काढलेला नसता," तो म्हणाला, "तर मालक तुला घाबरला असता. तू बलदियात गेलास तर दंड त्याला. आता तू कशाची तक्रार करणार? सगळं कायदेशीर आहे." मग माझ्या इकाम्याकडे, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याकडे, बोट दाखवून म्हणाला, "हा सांभाळ."

मी जे काही नियमाने केलं होतं, ते एकूण एक त्याच्या मालकीत भर घालून गेलं होतं. शुक्रवारच्या मंडळींतल्या प्लायवूडवाल्यांचे बॅचलर युद्धभर आपापल्या जागी होते. हे मला त्या माणसांनी बोलून दाखवलं नाही, एवढं त्यांचं मानायला हवं. माझा राग मात्र आजही त्यांच्या नव्हे, त्या छातीवर ठेवलेल्या हाताच्या नावावर आहे.

मार्चमध्ये मुली दम्मामला परतल्या. मालकाने तळघर एका औषधकंपनीच्या माणसाला दीड हजाराने दिलं. विटा काढायचा खर्च नव्या भाडेकरूनेच केला. दुकानदाराला दुकानाजवळ दोन खोल्या मिळाल्या. तो जाताना मी जानेवारी ते मार्चचे तीन हजार त्याच्या हातात ठेवले. "जानेवारीत आम्ही राहिलो होतो की, भाऊ." मी म्हटलं, ठेवा. माझे पंचवीस हजार सहाशे गेले, त्यात आणखी कशाला घासाघीस.

एप्रिलमध्ये मालकाचा ड्रायव्हर विजेचं बिल घेऊन माझ्याकडे आला. मुली राहिल्या त्या काळाचं, दिवसरात्र चाललेल्या हीटरचं आणि पंपाचं, एकशे शहाऐंशी रियाल. मी मीटरवरचं मालकाचं नाव वाचून दाखवलं आणि बिल परत दिलं. दुसऱ्यांदा आला, तेव्हाही परत दिलं. तिसऱ्यांदा आला नाही. ते एकशे शहाऐंशी रियाल वीज कंपनीला घरमालकाने भरले.