सात हिरवे ठिपके

बर्नी या बंदराच्या गावातला नेव्हिल ट्रँटर हा निवृत्त वायरमन, पण ऐट अशी की मासेमारी क्लबाचा जीव जणू याच्याच गॅरेजात आहे. तिथल्या जुन्या संगणकावर एका कंटेनरात, म्हणजे प्रोग्राम वेगळा ठेवायच्या बंद डब्यात, त्याने क्लबासाठी ऑनलाइन गप्पांची खोली चालवली होती. "आपल्या गप्पा परक्या कंपनीच्या घरी कशाला?" म्हणायचा. रोज सकाळी तो तिथे भरतीची वेळ लिही आणि सात नावांपुढचे हिरवे ठिपके बघून खूश होई. उत्तर कोणी देत नसे. पण सगळे हजर तर होते!

रविवारी क्लबाच्या अंगणात सॉसेज भाजताना लोरेटा म्हणाली, "नेव्ह, ग्रुपवर माझ्या नातीचा फोटो बघितलास ना?"

"कुठल्या ग्रुपवर?"

सगळ्यांचे चिमटे हवेतच थांबले. डग्लस पुटपुटला, "फोनवरचा रे. ईस्टरपासून तिथंच असतो आम्ही. तुझं ते यंत्र सारखा पासवर्ड विचारतं, बाबा."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग रोज हजर कसे दिसता?"

"ते तुलाच ठाऊक, लेका! डबा तुझा."

नेव्हिलचा चेहरा उतरला. माणूस उठून गेला तरी त्याचं नाव खोलीत जागं ठेवायचं, ही सोय त्यानेच मोठ्या कौतुकाने चालू केली होती. सहा महिने तो स्वतःच्याच यंत्राला भरती-ओहोटी सांगत होता.

घरी येऊन त्याने ती सोय बंद केली. सहा ठिपके विझले. सातवा त्याचा स्वतःचा होता.