नारळ आधी, चाचणी नंतर

निवृत्तीनंतर मी घरातल्या प्रत्येकाच्या कामात नाक खुपसतो, अशी बायकोची तक्रार होती. त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांना खरेदी शिकवण्याचं काम आलं, तेव्हा माझ्याआधी तीच हो म्हणाली.

माझी सगळी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, खरेदी विभागात गेली. आधी लेथ आणि भट्ट्या, नंतर नंतर संगणकावर चालणारी यंत्रं. आता शिकवायचं होतं नगरपालिका, पंचायत समित्या, सरकारी दवाखाने इथल्या लोकांना. कॅमेरे, सेन्सर, संगणकप्रणाली असल्या गोष्टी विकत कशा घ्यायच्या, टेंडरमध्ये काय लिहायचं, आणि आलेला माल बरोबर आहे हे कसं ठरवायचं. वर्ग उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. खाली दिवसभर मशिनी घरघरायच्या. नाश्त्याला सिंधी दालपकवान असायचं, आणि अभिप्रायाच्या कागदावर सगळ्यात जास्त कौतुक त्या दालपकवानाचंच व्हायचं.

मला त्याचं वाईट वाटत नसे. वर्गात बसणारे बहुतेक लोक साहेबांनी पाठवलं म्हणून आलेले. टेंडर लिहायची त्यांची पद्धत ठरलेली होती : दुसऱ्या शहराचं टेंडर मिळवायचं आणि गावाचं नाव बदलायचं. एकाने आणलेल्या टेंडरात रस्त्यावरचे कॅमेरे बर्फातही चालले पाहिजेत अशी अट होती. मी म्हटलं, अंबरनाथला बर्फ कधी पडला? तो शांतपणे म्हणाला, "पडला तर चालतील ना सर."

दुसरी पद्धत नारळाची. यंत्र आलं की पुरवठादारच हार, पेढे, नारळ आणि फोटोवाला घेऊन येतो. जमलं तर दसऱ्याचा मुहूर्त धरतो. साहेब हळदकुंकू लावतात, संबंधित कर्मचारी नारळ फोडतो, पेढे वाटले जातात. मग तोच फोटो बिलाला जोडला जातो, यंत्र सुरू झाल्याचा पुरावा म्हणून. ते सुरू झालंय की नाही, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. शुभकार्यात अपशकुन कशाला करा! कारखान्यात आम्हीही दसऱ्याला यंत्रांची पूजा करायचो, पण तीन पाळ्या धडधडत चाललेल्या यंत्रांची. मी वर्गात ओरडून सांगायचो, आधी चाचणी, मग नारळ. लोक हसून मान डोलवायचे.

एका बॅचमध्ये शेवटच्या बाकावरची एक बाई हसली नाही. ती आमच्याच भागातल्या एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता होती. कुठल्या ते सांगत नाही. चहाच्या वेळी तिने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यात ती नवी साडी नेसून, हातात फुटलेला नारळ घेऊन हसत होती. मागे पुराची सूचना देणाऱ्या यंत्रणेचा पडदा, त्यालाही हार घातलेला. नदीत सेन्सर, पाणी वाढलं की ऑफिसात लाल दिवा आणि काठच्या वस्त्यांमध्ये खांबावरचे भोंगे वाजणार, अशी ती यंत्रणा होती.

"सर, नारळ तर फोडून झाला," ती म्हणाली. "ताबा मिळाल्याची सही अजून केलेली नाही. आता चाचणी मागता येते का?"

"येते," मी म्हणालो. "सही होईपर्यंत सगळं मागता येतं."

मग तिने हळू आवाजात सांगितलं की एक भोंगा तिच्या माहेरच्या वाडीत आहे. बारवी धरणाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, नदीला लागून वीस-पंचवीस घरं. आई अजून तिथेच राहते, भात लावते. पाणी रात्रीचं चढतं आणि ते आलेलं कळत नाही. सही केली तर तिथे भोंगा वाजतो असं तिने लिहून दिल्यासारखं होणार होतं. नाही केली तर मार्चनंतर निधी परत जाणार होता, आणि त्याचं खापर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं.

चाचणीच्या दिवशी तिने मलाही बोलावलं. मी खरवईच्या घरून रिक्षाने गेलो. पुलावर पुरवठादाराच्या माणसाने सेन्सर पाण्याच्या पिंपात बुडवला आणि आम्ही ऑफिसात पडद्यासमोर उभे राहिलो. पडदा लाल झाला. गच्चीवरचा भोंगा असा किंचाळला की खालच्या वडापाववाल्याने गाडी सोडून धाव घेतली. पुरवठादाराने टाळ्या वाजवल्या. मुख्याधिकारी म्हणाले, "झालं ना मॅडम? करा सही."

ती आईला फोन लावत होती. रेंजसाठी आईला टेकाडावर चढायला सांगितलं होतं, आणि एका भाच्याला खाली खांबाशी उभं केलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"आये, वाजला का गं?"

"काय नाय वाजला. पोरगा खांबाला कान लावून उबा हाय. तू जेवलीस का?"

पुरवठादार हसला. "अरे मॅडम, आजी को सुनाई कम देता होगा. ऑल इंडिया में लगा है अपना सिस्टम."

"माझी आई आहे ती," ती म्हणाली. "तिला सगळं ऐकू येतं. आणि पोरगा बारा वर्षांचा आहे, त्याला पण येतं."

गोष्ट साधी होती. भोंग्याला निरोप मोबाइलच्या रेंजवरून जायचा आणि वाडीत रेंजच नव्हती. कुठल्यातरी सपाटीवरच्या शहराचं टेंडर इथे जसंच्या तसं उचललेलं. मला हसू आलं असतं, पण तिचा चेहरा पाहून आलं नाही.

मुख्याधिकारी माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला समजावून पाहिलं. बाकीचे भोंगे वाजतात, एकासाठी सगळं अडवू नका, सही करा, दुरुस्ती मागाहून करून घेऊ. शेवटी ते चिडले. "नारळ तुम्हीच फोडलात ना? फोटो पेपरात आलाय. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणता?"

"नारळ फोडला ते चुकलंच माझं, साहेब," ती म्हणाली. "पण भोंगा वाजला असं मी लिहिणार नाही."

तिने तेवढंच लिहिलं, की वाडीत भोंगा वाजत नाही, सबब ताबा घेता येत नाही. खाली सही केली आणि पाणी प्यायली. मला तिचा फार अभिमान वाटला. त्या अभिमानासाठी मला काही मोजावं लागलं नव्हतं, हे घरी पोचेपर्यंत ध्यानात आलं नाही.

आठवड्याभरात तिची बदली झाली, बाजार फी वसुलीला. अभियंता बाई भाजीवाल्यांच्या पावत्या फाडू लागली. तिच्या जागी आलेल्या माणसाने मात्र सही केली नाही. ती काही शौर्याची गोष्ट नव्हती. सरकारी कचेरीत एकाने कागदावर हरकत घेतली की त्यावर दुसरा सही करायला धजत नाही. बिल अडकलं, पुरवठादार ताळ्यावर आला. मार्च संपायच्या आत त्याने डोंगरावर निरोप पोचवणारा रेडिओचा खांब उभारला आणि भोंगा वाजला. पुढच्या पावसात एका रात्री तो खरंच वाजला. वाडी वर देवळात जाऊन बसली आणि सकाळी खाली उतरली.

मी तिला फोन केला. म्हटलं, तुमची गोष्ट वर्गात सांगू का? लोकांना धीर येईल.

पलीकडे बाजाराचा कलकलाट होता. कोणीतरी पावतीवरून तिच्याशी भांडत होतं.

"सांगा ना सर," ती म्हणाली. "पण आधी बदलीचं सांगा. ते लपवून कोणाला शूर करू नका. प्रत्येकाची आई वाडीत नसते."

तेव्हापासून मी पहिल्या तासाला तिची बदली सांगतो. भोंगा वाजला, हे जेवणानंतर सांगतो. तोवर अर्धे लोक घरी गेलेले असतात.