सिलिंडरची आंघोळ

तेलगावच्या फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये मंजुळाबाई इंजिनं दुरुस्त करते, हे ऐकून ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. तिला त्याचं काडीचं सोयरसुतक नाही. पदर खोचून ती झिजलेल्या सिलिंडरमध्ये हात घालते, आतून नख फिरवते आणि सांगून टाकते, "वरच्या अंगाला झिजून पायरी पडली हाय. नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलून काय बी व्हायचं न्हाई." मग नवरा म्हाळू गेज लावून माप घेतो आणि तेच सांगतो. बिचाऱ्याला आता सवय झालीय.

आधी दोघं ऊसतोडीला जायची. फडावरच्या पाचटाच्या कोपीशेजारी एक वर्कशॉप होतं, तोडीला खाडा पडला की दोघं तिथं राबायची, तिथंच शिकली. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, तसं शेडमध्ये मिळून एक मिस्त्री. त्यानं बोर करायचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून गोल करायचा, तिनं घासून माप जुळवायचं.

पण दुष्काळात, जनावरांच्या छावणीच्या साली, शेड मिटायची वेळ आली. विहिरीच आटल्या, तर इंजिनं चालणार कशाला आणि बिघडणार कशाला? शेड मिटली की दिवाळीला पुन्हा फडात. नुसतं नाव काढलं तरी मंजुळाबाईच्या अंगावर काटा यायचा.

तेवढ्यात सोसायटीचं इंजिन आलं. सोसायटीनं गावाबाहेर जनावरांची छावणी घातली होती. ओढ्याकाठच्या, तेवढ्या एकाच न आटलेल्या विहिरीतलं पाणी या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनावर हौदात चढायचं. ते आधी धूर ओकायला लागलं, मग तेल प्यायला लागलं, आणि शेवटी बंदच पडलं. चेअरमन अर्जुनराव स्वतः जीपमध्ये घालून घेऊन आले.

"रिंगा टाका अन् लगेच द्या. जनावरं हंबरायलीत."

मंजुळाबाईनं नख फिरवलं. "साहेब, हवेची जाळी कुणी काढली?"

"सुरू व्हायला जड जात होतं, म्हणून गड्यांनी काढली."

"झालं! समद्या छावणीचा फुफाटा गिळलाय ह्यानं. भोक लांबट झालंय, गोल राह्यलंच न्हाई. गोल रिंग त्यात कशी बसंल? मोठ्या मापाचा पिस्टन आणा, त्याच्या मापानं बोर करून देतो आमी. पुन्हा अडकलं, तर शेडला कुलूप लावून मी फडात जाईन!"

म्हाळूनं तिच्याकडं डोळे फाडून बघितलं. पण बोलून झालं होतं.

बीडहून पिस्टन आला. म्हाळूनं बोर केला, मंजुळाबाईनं होनिंगच्या दगडांनी आतून आडव्यातिडव्या रेघा ओढल्या, म्हणजे तेल धरून राहील. पिस्टन मापात बसला. तोवर छावणीतली माणसं इंजिन न्यायला शेडपाशी जमली होती. पुढं सुंदरबाई, डोक्यावर टँकरवरून भरून आणलेली घागर. तिची गाभण म्हैस छावणीत, आणि जिभेला तर हाडच नाही.

मंजुळाबाईनं घरातला पाण्याचा हंडा चुलीवर चढवला आणि साबण काढला.

"रॉकेलनं पूस की," म्हाळू हळूच म्हणाला. "घरात प्यायला तेवढंच हाय."

"रॉकेलनं तेल निघतं. दगडाची भुकटी रेघांत तशीच बसती, ती नवा पिस्टन खाती. साबणाचं पाणीच लागतं."

"अगं ए बये!" सुंदरबाई कडाडली. "हितं म्हशीच्या तोंडाला पाणी न्हाई, आन् तू लोखंडाला न्हाऊ घालायलीस? डोकं फिरलं का काय तुझं?"

"पुसा अन् जोडा हो," अर्जुनरावही कुरकुरले. "लोक काय म्हणतील?"

मंजुळाबाईला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. तरी तिनं घासून घासून सिलिंडर धुतला आणि पांढरं फडकं आत फिरवलं. फडकं करडं निघालं. हंडा मात्र रिकामा झाला होता.

गप्प बसली असती तर कुणाला काय कळणार होतं? पण तिनं ते फडकं सरळ सुंदरबाईच्या हातात दिलं. "चोळून बघा. हे आत राह्यलं, तर इंजान पुन्हा बसंल. मग मी फडात, आन् तुमची म्हस तहानलेली."

सुंदरबाईनं फडकं बोटांत चोळलं. कचकच लागली. तिनं घागरीकडं बघितलं, मंजुळाबाईकडं बघितलं, दोन शिव्या हासडल्या आणि घागर खाली ठेवली. "घे, धू. पर बंद पडलं तर तुला हिरीत ढकलते बघ!"

या वेळी फडकं पांढरं निघालं.

विहिरीवर दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. धुराचं नाव नाही. "आता पळवा जोरात!" अर्जुनराव ओरडले. मंजुळाबाईनं इंजिनावरचा हात काढला नाही. "नवा बोर हाय. हळू चालवायचं, थांबवायचं, गार होऊ द्यायचं." लोक पुन्हा कुरकुरले, पण हौदात पाणी पडायला लागलं होतं. पाऊस पडून छावणी मोडेपर्यंत ते इंजिन चाललं.

दिवाळीत ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम शेडवर आला. "मंजुळाबाई, औंदा येणार नव्हं? गाडी निघायलीय."

सुंदरबाई लेकाचा फवारणीचा पंप घेऊन तिथंच बसली होती. तीच उठली. "ती कुटं बी येणार न्हाई. सोसायटीची समदी इंजिनं हितं यायलीत. तिला नेलीस, तर आमच्या जनावरांना पाणी काय तू पाजणार हायस? हो पुढं!"

मंजुळाबाई खाली मान घालून नख फिरवत राहिली. डोळे भरून आले होते, पण हात सिलिंडरमध्ये होता, पुसायची सोय नव्हती.