खालची फट

हावड्याच्या त्या लेथवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. घरच्या सुतारकामाच्या टेबलाच्या पायाला, फळी उभी पकडून ठेवणारा शिकंजा बसवायचा होता, त्यासाठी स्क्रू हवा होता. तो डोळे मिटून अंगठ्याच्या नखाने आटे चाचपत होता आणि मी मुलीला फोन लावत होतो. बदली होऊन आम्ही नुकतेच कोलकात्यात आलेलो. कॉलेजला एकटी जायचा तिचा पहिलाच आठवडा. तासाभरातला हा तिसरा फोन, आणि ती उचलत नव्हती.

त्याने माझं ड्रॉइंग पाहिलं. "नीचे क्या दीजिएगा?"

"कुछ नहीं. स्क्रू जोर से कसेंगे."

त्याने दोन पट्ट्यांमध्ये वर एक फळी धरली आणि पट्ट्या मधोमध आवळल्या. खालची टोकं जवळ आली, वर फळी निसटली. मग खाली काडेपेटी सरकवून पुन्हा आवळलं. फळी जागची हलेना.

"नीचे फाँक रखिए, दादा. सिर्फ कसने से नहीं पकड़ता."

फाँक, म्हणजे फट. बोलताना त्याची नजर माझ्या मोबाइलवर होती, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

परतताना फेरीबोटीत मी मोबाइल खिशात ठेवला. अर्धी हुगळी पार होईपर्यंत तो तिथेच राहिला.